शशीच्या भिंतीवरचं वाळवंट

इंग्लंडात, मेडनहेडला नदीवरून धुकं वर यायला लागलं की आमच्या गल्लीतल्या घरांचे रंग एकेक करून जातात. आधी दारं जातात, मग विटा, मग कुंपणामागची झाडं. अशा दुपारी शशी पोतनीसच्या बैठकीच्या खोलीतली एक भिंत मात्र तांबडीच राहते.

त्या भिंतीवर एक चित्र आहे. दोन्ही हात पसरले तरी पुरणार नाहीत एवढं रुंद. पांढरे, पिवळे, गेरूच्या रंगाचे, मधेच काजळासारखे काळे असे ठिपकेच ठिपके, आणि त्यांत बुडालेली वर्तुळं. समोर चहा घेऊन बसलं आणि थोडा वेळ काही न बोलता बघितलं की ठिपके हलायला लागतात. उन्हाळ्यात तापलेल्या डांबरावरची हवा हलते तसे. मी एकदा हे शशीला सांगितलं.

"हलणारच," ती म्हणाली. "वारा आहे त्यात."

आमच्या इथल्या मराठी लोकांपैकी जो कोणी तिच्याकडे पहिल्यांदा येतो तो हमखास विचारतो, "रांगोळी का हो ही? किती ठिपक्यांची?"

"मोजा," शशी म्हणते, आणि पोहे आणायला आत जाते.

ती पंचाहत्तरीला आली आहे. चणीनं लहान, केस कापून आखूड केलेले, चालणं अजून वॉर्डातलं, म्हणजे जोडा न वाजवता भराभर. सगळी नोकरी तिनं मिडवाइफ म्हणून केली. त्यामुळे तिला एक सवय लागली आहे. कशालाही हात लावायच्या आधी ती दोन्ही तळवे एकमेकांवर घासून ऊन करते. आईच्या पोटावर गार हात ठेवायचा नाही, हे मिरजेला नर्सिंग शिकताना तिला कुणी तरी सांगितलं होतं. आता ती मटार सोलायच्या आधीसुद्धा तळवे घासते. तिला ते ठाऊक नसतं.

लग्न होऊन ती इकडे रीडिंगला आली, पुढे मेडनहेडला. नवरा इंजिनियर होता, शांत माणूस, रेडिओ उघडून परत जोडण्यात रमणारा. मूल झालं नाही. मग एका हिवाळ्यात तो अचानक गेला. घरात सांत्वनाच्या कार्डांचा ढीग पडला, आणि शशीनं वर्षभरानं ऑस्ट्रेलियातल्या एका दवाखान्यात नोकरी घेतली. नुसतं ऑस्ट्रेलिया नव्हे, पार मधोमध, अ‍ॅलिस स्प्रिंग्जहूनही पुढे, वाळवंटातलं आदिवासींचं छोटं गाव. आम्ही सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं.

"मला अशा ठिकाणी जायचंय," ती तेव्हा म्हणाली होती, "जिथे कुणी मान तिरकी करून माझ्याकडे बघणार नाही."

तिथलं सगळं ती तुकड्यातुकड्यांनी सांगते. पत्र्याचा दवाखाना. दाराच्या फटीतून येणारी तांबडी धूळ, जी धुतलेल्या एप्रनलासुद्धा रंग द्यायची. बाहेर एका झाडाखाली जमिनीवर कापड अंथरून चित्रं काढत बसलेल्या बायका, त्यांची कुत्री, त्यांची नातवंडं. त्यांतली एक म्हातारी रक्तदाब तपासायला यायची आणि तपासून झाला तरी जायची नाही. एक दिवस तिनं विचारलं, "नवरा कुठे तुझा?"

"गेला," शशी म्हणाली.

"नाव काय त्याचं?"

शशीनं मान खाली घातली. संसाराच्या सगळ्या वर्षांत तिनं नवऱ्याला 'अहो' म्हटलं होतं आणि लोकांपुढे 'हे' म्हटलं होतं. आईनं लावलेलं वळण, दुसरं काही नाही. ते नाव तिच्या ओठांना सवयीचंच नव्हतं. ती गप्प राहिली. म्हातारीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि बाहेर जाऊन झाडाखालच्या बायकांना काहीतरी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्या बायका शशीला सरकून जागा द्यायला लागल्या.

त्या लोकांत गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. वर्षानुवर्षं घेत नाहीत. त्याचा फोटो झाकून ठेवतात, आणि त्याच नावाचं दुसरं कुणी जिवंत असेल तर त्यालाही तोवर वेगळी हाक मारतात. म्हातारीनं बायकांना सांगितलं होतं की या नर्सला वागायचं कळतं.

"तिला वाटलं मी त्यांची रीत पाळतेय," शशी हसून म्हणते. "मी आपली मिरजेची पाळत होते. पण पुढे मी ते तिला कधी सांगितलं नाही. काय सांगणार? आणि तोवर दोन्ही एकच वाटायला लागलं होतं."

म्हातारी आधी वाळूत बोटानं काढायची. मांडी घालून बाई बसली की वाळूत तिचा जो ठसा राहतो, घोड्याच्या नालेसारखा, ती बाईची खूण. वर्तुळात वर्तुळ म्हणजे पाणी. एवढं काढून ती गोष्ट सांगायची, आणि गोष्ट पुढे सरकायची वेळ आली की तळवा फिरवून वाळू सपाट करायची. मग नवीन खुणा. दुपारभर ती वाळू लिहिली जायची आणि पुसली जायची. कापडावर काढताना मात्र पुसता येत नाही. म्हणून आधी खुणा, आणि शेवटी वरून ठिपके. काडीचं टोक रंगात बुडवून टप, टप, टप. जे सगळ्यांनी बघायचं नाही ते ठिपक्यांखाली जायचं.

चित्र एकटीनं काढायचं नसे. ते ज्या जागेचं, ती जागा म्हातारीच्या वडिलांकडून तिच्याकडे आलेली. ती काढणार. आणि ज्या भाचीला त्याच जागेचं नातं आईकडून आलेलं, ती शेजारी बसून नीट होतंय ना ते बघणार. तिचं नाव नोरीन. कधीकधी नोरीन नुसती जीभ टाळूला लावून आवाज काढायची, आणि म्हातारी निमूटपणे थांबायची.

शशी परत यायला निघाली तेव्हा म्हातारीनं ते मोठं चित्र गुंडाळून तिच्या हातात दिलं. "घरी लाव," ती म्हणाली. "लोकांना दाखव. मी तुला जेवढं सांगितलं तेवढं सांग. पण काढू नकोस, कुणाला काढू देऊ नकोस. हे माझ्या वडिलांचं पाणी आहे."

शशीनं "हो" म्हटलं.

काही वर्षांनी नोरीनचा फोन आला की म्हातारी गेली. शशीनं त्या दिवशी चित्रावर पांढरी चादर टाकली. बराच काळ आम्ही तिच्याकडे त्या चादरीसमोर बसून चहा घेतला, आणि नोरीननं कळवल्यावरच ती चादर निघाली. म्हातारीचं नाव तिनं त्यानंतर घेतलं नाही. 'त्या आजी' म्हणते. मला ते नाव कधी कळलंच नव्हतं.

आता वरदाबद्दल सांगायला हवं. वरदा रीडिंगमध्ये जन्मली, आणि तिला या जगात पहिला हात लागला तो शशीचा, घासून ऊन केलेला. ती आता कंप्युटरच्या ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहे, आमच्या मंडळाची सांस्कृतिक चिटणीस आहे, आणि बोलताना मराठी शब्दांची लिंगं हाताला येतील तशी लावते. उत्साह मात्र असा की तिच्याशेजारी बसलं तर गार चहाही ऊन होईल. शशीच्या घरात ती किल्ली लावून येते. दिवाळीच्या आधी चकल्या करायला आली होती, तेव्हा तिनं शशीच्या नकळत भिंतीवरच्या चित्राचे फोटो काढले. शशीला खूश करायचं होतं तिला, दुसरं काही नाही.

मंडळाची दिवाळी एका शाळेच्या हॉलमध्ये होती. सकाळपासून पाऊस नव्हता, नुसतं पांढरं आभाळ. मी आणि शशी पोचलो तर वरदा दारातच उभी, गालावर गेरू.

"मावशी, डोळे मिट. टीचरमावशी, तू पण."

"मी मिटले तर मला धरणार कोण?" मी म्हटलं. "गुडघा बघ माझा."

"मी धरते ना. चल. स्टेप नाहीये. अजून चल. आता उघड!"

स्टेजसमोर मोठमोठे लाकडी बोर्ड जोडून अंथरले होते. त्यांना गेरूचा हात दिला होता, आणि त्या तांबड्यावर शशीच्या भिंतीवरचं वाळवंट उतरलं होतं. तीच वर्तुळं, त्याच नालेसारख्या खुणा, तेच पांढरे-पिवळे ठिपके. फरक एकच. वरदाला ठिपके म्हणजे रांगोळीचे ठिपके एवढंच माहीत. तिनं आपल्या आजीचा उदबत्तीनं भोकं पाडलेला कागद आणला होता, ठिपके आधी टाकले होते, शिस्तीत, रांगेत, आणि मग ते जोडत जोडत चित्र काढलं होतं. त्या आजींनी जे शेवटी झाकलं होतं, ते वरदानं ठिपके आधी मांडून वर आणलं होतं. सगळं अगदी स्पष्ट दिसत होतं. त्यात वारा नव्हता.

लोक टाळ्या वाजवत होते. कुणीतरी शिट्टी मारली.

"रांगोळी कसा झाला?" वरदानं विचारलं. "सांग ना! सगळ्या मंडळांची कॉम्पिटिशन आहे, यूकेभरची. दुपारच्या आत फोटो अपलोड करायचा. तू बाजूला उभी राहा, मग पाठवते."

शशी तळवे एकमेकांवर घासत होती. मी ते पाहिलं आणि तिच्याजवळ सरकले.

"अजून पाठवला नाहीस ना?" तिनं विचारलं.

"नाही. तुझ्यासाठी थांबले."

"नको पाठवूस, राणी."

"का? कुठे चुकलं?"

"चुकलं असतं तर बरं झालं असतं गं," शशी म्हणाली. "फार नीट काढलंयस."

वरदा हसली, मग थांबली. "मावशी, मला नाही कळत."

"हे माझं नाही. मला बघायला दिलंय. मी शब्द दिलाय, कुणाला काढू देणार नाही म्हणून."

"पण पेंटिंग तुझ्या घरात आहे! शी गेव्ह इट टू यू."

"चित्र दिलं. त्यातलं पाणी नाही दिलं."

मंडळाचा खजिनदार नकुल जवळ आला. नकुल चांगला मुलगा आहे, पण त्याला शांतता सहन होत नाही. "काकू, जाऊ द्या हो," तो म्हणाला. "तिकडे ऑस्ट्रेलियात कोण बघतंय?"

"मी बघतेय ना, नकुल."

तो मागे सरला. वरदाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि रागही. "मग मला सांगायचं ना! भिंतीवर लावून ठेवलंस. मी लहान होते तेव्हापासून बघते. पोहे खात खात बघते. एकदा तरी सांगितलं, वरदा, हे काढायचं नसतो? पाठ गेली माझी सकाळपासून. तुझ्यासाठी केलं सगळं."

शशीनं मान हलवली. "बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "परक्या कुणी फोटो काढू का विचारलं की सांगितलं. तुला सांगायचं राहिलं. तू घरचीच, म्हणून राहिलं."

हॉलमध्ये कुणाला काय करावं ते कळत नव्हतं. एखादा फोटो गेला असता तर शशीला कुणी शिक्षा करणार नव्हतं. ज्यांना शब्द दिला त्या आजी कधीच गेलेल्या. आणि समोर होती ती तिच्या हातात जन्मलेली पोर, जिचं मन मोडत होतं. शशी दोन्हींकडे आळीपाळीनं बघत होती असं मला वाटलं. मग तिनं चपला काढल्या, एक हात माझ्या खांद्यावर टेकवला, आणि बोर्डाच्या कडेला जमिनीवर मांडी घालून बसली.

"बस," ती वरदाला म्हणाली. "याची गोष्ट माहितेय तुला?"

"नाही. मला फक्त कलर्स माहितेय."

"बस तर. मला सांगितलीय तेवढी सांगते."

वरदा बसली. नाक ओढत, पण बसली. मुलं सरकत सरकत पुढे आली. शशीनं मधल्या वर्तुळाकडे बोट दाखवलं. तिचा आवाज बदलला होता, हळू झाला होता, रात्रपाळीला कण्हणाऱ्या बाईशी बोलत असावी तसा.

"हे पाणी. दगडाच्या पोटात आहे, लांबून दिसत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनाच सापडतं. या बाया त्याच्याभोवती बसल्यात. ही आई, या मावश्या. त्या लहान होत्या ना आजी, त्या इथे, आईला चिकटून. सगळ्या पाणी प्यायल्या. ऊन उतरलं. मग उठल्या."

आणि तिनं तळवा फिरवला.

हॉलमधून एक अस्फुट आवाज निघाला. जिथे बाया बसल्या होत्या तिथे आता नुसता रंग होता, पिवळ्यात पांढरा मिसळलेला.

"उठल्या म्हणजे तिथे नाहीत," शशी म्हणाली. "तिथून त्या कंद खणायला निघाल्या. या रेघा म्हणजे त्यांची वाट. चालल्या, चालल्या. लहानगी मागे राहिली. आईनं हाक मारली. ती पळत आली." पुन्हा तळवा. "दुसरं पाणी लागलं. तिथे निजल्या. रात्री वारा आला आणि सगळ्यांची पावलं पुसून गेला. सकाळी जमीन अशी, की जणू कुणी आलंच नव्हतं. पण त्यांना ठाऊक होतं, कुठून आलो ते."

तिचा हात आता सगळीकडे पोचत नव्हता. पलीकडची दोन वर्तुळं राहिली होती. वरदा थोडा वेळ त्यांच्याकडे बघत बसली. मग तिनं बाही वर केली, तळवे एकमेकांवर घासले, अगदी शशीसारखे, आणि वाकून ती वर्तुळं पुसली. हळूच, कडेकडेनं, झोपलेल्या मुलाच्या अंगावरून हात फिरवावा तशी.

सगळे रंग एकात एक गेले. संध्याकाळी नदीवर जो रंग येतो, ज्याला नाव नाही, तसं काहीसं झालं.

"मग पुढे?" एका मुलानं विचारलं.

"पुढचं मला सांगितलेलं नाही," शशी म्हणाली.

शशीनं मग मूठ वळली आणि मुठीची कड त्या मिसळलेल्या रंगावर दाबली. वर बोटांच्या टोकांनी पाच ठिपके. गौरीच्या वेळी आपल्याकडे काढतात तसं इवलंसं पाऊल. "हे माझं," ती म्हणाली. "हे काढायला मला कुणाला विचारायला नको. हे मिरज. ही आमच्या परड्यातली विहीर. ही माझी आई, सारखी ओरडायची. मग ही मी निघाले." पावलं बोर्डाच्या कडेपर्यंत गेली आणि वळली. "हे रीडिंग. आणि हे," तिनं करंगळीनं एक अगदी लहान पाऊल काढलं, "तू. उलटी येत होतीस. आईला छळलंस."

वरदा हसली, रडतच. तिनं तर्जनीनं त्या लहान पावलापासून एक वेडीवाकडी रेघ ओढली. "ही थेम्स," ती म्हणाली. "हा रेल्वेचा ब्रिज. इथे मला सायकलवरून पाडलं बाबांनी." मग मुलांनी हात घातले, आणि पुढचं कुणाचं काय ते समजायला मार्ग राहिला नाही. पिनरहून आलेल्या एका आजोबांनी सुद्धा काठी बाजूला ठेवून एक घर काढलं. स्पर्धेला आमच्या मंडळाचा फोटो गेला नाही. पाठवण्यासारखं काही दिसतही नव्हतं. संध्याकाळी त्याच्यावरूनच सगळे नाचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उरलेला चिवडा घेऊन गेले तर शशी फोनसमोर बसलेली. तिकडे तेव्हा संध्याकाळ होत आलेली असते. "नोरीनला सांगायला हवं," ती म्हणाली. "माझ्यासमोर बस. उठू नकोस."

तिनं सगळं सांगितलं. फोटो, कागद, बोर्ड, काही लपवलं नाही. फोन मोठ्या आवाजावर होता. पलीकडे कुत्री भुंकत होती, कुणाचं तरी पोर किंचाळत होतं, आणि नोरीन गप्प होती. इतका वेळ गप्प, की शशीचा चेहरा लहान व्हायला लागला.

"पुसलं?" नोरीननं शेवटी विचारलं.

"हो."

"कशानं? झाडूनं?"

"हातानं. त्या मुलीनं पण."

"मग ठीक आहे," नोरीन म्हणाली. "तिच्या फोनमध्ये आहेत ते फोटो पण काढून टाकायला सांग. आणि तिला बघायचं असेल तर इकडे घेऊन ये. बघायला ना नाही." मग ती हसली, जाड, खोकल्यासारखं. "मी हे आमच्या म्हातारीला सांगितलं असतं ना, ती पोट धरून हसली असती." आणि तिनं म्हातारीचं नाव घेतलं.

शशी ताठ झाली.

"आता घेतो आम्ही," नोरीन म्हणाली. "पुष्कळ दिवस झाले. नातीला तेच ठेवलंय. ऐकतेयस ना, तीच ओरडतेय. दिवसभर तिच्यामागे तेच नाव घेत पळतेय मी."

फोन ठेवल्यावर शशी उठली नाही. बाहेर धुकं आलं होतं. समोरच्या घराचं दार गेलं, मग भिंत गेली. तिनं ते नाव एकदा उच्चारलं, नुसत्या ओठांनी, आणि मग आवाजात. मी ते इथे लिहीत नाही. मला ते घ्यायची कुणी मुभा दिलेली नाही.

"पुष्कळ दिवस झाले," ती म्हणाली. कुणाशी ते कळलं नाही.

तिनं तळवे एकमेकांवर घासले आणि मांडीवर ठेवले. मग चित्राकडे बघत, सावकाश, पायाखालचा दगड डळमळतो का ते बघत पाऊल टाकावं तसं, तिनं आपल्या नवऱ्याचं नाव घेतलं. ते मला माहीत होतं. त्यांच्या दारावरच्या पितळी पाटीवर ते अजून आहे. पण तिच्या तोंडून ते मी पहिल्यांदा ऐकलं. तिनंही बहुधा पहिल्यांदाच.

ती थोडी लाजली. "चिवडा काढ," म्हणाली, "मऊ पडेल नाहीतर."

मी चिवडा काढला. आम्ही खात बसलो, आणि भिंतीवर ठिपके हलत होते.